पहिला नंबर देवीरम्मांच्या मळ्याचा

आमच्या धंद्याची भरभराट होणार, हे मी गेली अकरा वर्षं लिहीत आले आहे. उपग्रहांनी वरून काढलेली जमिनीची चित्रं घ्यायची, त्यांतून पीक, पाणी, रान ओळखायचं आणि ती माहिती विकायची, हा आमचा धंदा. त्याचा बाजार कुठल्या कुठे जाणार, याचे अहवाल लिहिणं हे माझं काम. यंदा मी दरसाल चौदा टक्के वाढ लिहिली. हा आकडा मी दिल्लीच्या एका अहवालातून उचलला. दिल्लीकरांनी तो सिंगापूरच्या अहवालातून घेतला होता आणि सिंगापूरवाल्यांनी तळटीपेत माझंच नाव दिलं होतं. आकडा जग हिंडून घरी आला, एवढंच मी त्याच्याबद्दल खात्रीने सांगू शकते.

बाजार असा वाढत होता, फक्त आमच्या दारापर्यंत पोचत नव्हता. आमची ‘गगनाक्षी’ कंपनी म्हणजे सात माणसं, बंगळूरच्या जयनगरात एका दाताच्या दवाखान्याच्या वर. मालक लोहित, वय छत्तीस, मूळचा घाटातल्या मूडिगेरेकडच्या बिळिकल्लू गावचा, कॉफीच्या मळेवाल्यांच्या घरातला. चार वर्षांत आम्हाला पैसे देणारं गिऱ्हाईक एकही मिळालं नव्हतं. ‘विचार करून कळवतो’ म्हणणारे मात्र भरपूर होते.

दर रविवारी लोहितच्या वडिलांचा, दुग्गप्पगौडांचा फोन यायचा. म्हातारा बहात्तरचा, आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नाही.

“काय रे, उंटावरून शेळ्या हाकून झाल्या का?”

“अप्पा, उंट नाही, उपग्रह.”

“मग तर शेळ्या दिसतही नसतील.”

यंदा ऑगस्टात त्यांनी लोहितला कोंडीत पकडलं. “सप्टेंबरात आपल्या कॉफी संघाची वार्षिक सभा आहे. ये आणि तुझी ती जादू दाखव. संघाने घेतली, तर तू खुशाल बंगळूरला राहा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही घेतली, तर दिवाळीला सामान घेऊन घरी ये. आठ एकर मी एकटा किती दिवस ओढू?”

लोहितने ‘बरं’ म्हटलं. चार वर्षं थकलेला माणूस कशालाही ‘बरं’ म्हणतो. पण महिनाभर तो जीव तोडून कामाला लागला. संघाचे दोनशे चौदा मळे, प्रत्येकाची दर पाच दिवसांनी आलेली चित्रं. जिथे हिरवेपणा जास्त तिथे पीक जास्त, हे आमचं साधं गणित. भाताच्या शेतांवर ते अगदी बरोबर ठरलं होतं. मी बंगळूरची, कॉफी मला फिल्टरमधून गळते तेवढीच माहीत. लोहित मळ्यातला पोर, तेव्हा त्याला कळत असणार असं मी धरून चालले.

सभेला संघाचा हॉल भरला होता. निम्मे लोक आमच्यासाठी आणि निम्मे जेवणातल्या कोंबडीसाठी आणि तांदळाच्या वाफवलेल्या कडुबूंसाठी आले असावेत. अध्यक्ष हालप्पगौडांनी शाल आणि हार तयार ठेवला होता, कारण लोहितने पहिल्या नंबराच्या मळ्याचा सत्कार करायचं ठरवलं होतं. ही कल्पना माझी. नाकारत नाही.

लोहितने पडद्यावर नकाशा लावला आणि जाहीर केलं, “यंदा सगळ्यात जास्त कॉफी येणार देवीरम्मांच्या मळ्यात!”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बांध फुटला. माणसं बाकांवर हात आपटून हसू लागली.

देवीरम्मा पुढच्याच रांगेत होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, हातात काठी. “माझा मळा? अरे बाळा, माझ्या मळ्यात दोन वर्षं माणसाने पाऊल टाकलेलं नाही. गेल्या महिन्यात हत्ती आत मुक्काम करून गेला, तेही मला शेजाऱ्यांनी सांगितलं.”

“पण अज्जी, चित्रात तर गच्च हिरवं…”

“पांगारा आहे तो! वरच्या सावलीच्या झाडांच्या फांद्या छाटल्या नाहीत की रान माजतं. खाली कॉफीला ऊन नाही, तर फळ कुठून धरणार? मृग लागला की पहिलं काम ते. हे तुला ठाऊक नाही?”

लोहितचा चेहरा पाहून मला सगळं उमगलं. दहाव्या वर्षी त्याला म्हैसूरच्या वसतिगृहात घातलं होतं. मे महिन्याची सुट्टी संपवून तो परत जायचा आणि छाटणी व्हायची ती जूनमध्ये. मळ्यात जन्मून त्याने ती एकदाही पाहिली नव्हती. मुलाने शिकावं म्हणून लांब पाठवायचं आणि नेमकं घरचं तेवढं शिकायचं राहून जायचं.

“आणि शेवटचा कोण?” हालप्पगौडांनी विचारलं. या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही.

लोहितने खाली मान घालून सांगितलं, “दोनशे चौदावा… आमचाच.”

आता तर लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुग्गप्पगौडांची छाटणी साऱ्या तालुक्यात नावाजलेली, म्हणूनच त्यांचा मळा वरून सगळ्यात कमी हिरवा. एकही फांदी ते दुसऱ्यावर सोडत नाहीत, स्वतः शिडीवर चढून तोडतात. ते मात्र हसले नाहीत. मुलाची फजिती बापाला हवी होती खरी, पण एवढी नको होती.

“दुसरा नंबर कुणाचा? तोही सांगून टाक!” मागून कुणीतरी ओरडलं.

“शिवण्णगौडांचा.”

“त्याचा पोरगा सिडनीला!” पुन्हा हशा.

“तिसरा, सरोजम्मांचा.”

“दोन्ही मुली अमेरिकेत.”

“चौथा, कल्लेगौडांचा.”

“मुलगा पुण्याला,” कुणीतरी सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. लोहित वाचत गेला आणि लोक हळूहळू मुलांची गावं सांगत गेले. दुबई. हैदराबाद. लंडन. विसाव्या नावापर्यंत एकही घर सुटलं नाही. आमच्या यंत्राला कॉफी मोजता आली नव्हती. कुठल्या घरात राबायला मागे कुणी उरलेलं नाही, ते मात्र त्याने बिनचूक काढलं होतं.

अकरा वर्षं मी नकाशे बघते आहे, पण असा नकाशा पाहिला नव्हता.

देवीरम्मांनी काठी आपटली. “हे चित्र दर पाच दिवसांनी येतं म्हणालास ना?”

“हो अज्जी. ढग नसले तर.”

“मग ते डॅलसला माझ्या मुलाकडे धाड. मी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ सांगते ते त्याला खरं वाटतं. बघू दे बसल्या जागी.”

हालप्पगौडा जागे झाले. संघाकडे झाडं छाटणाऱ्यांच्या दोन टोळ्या होत्या, पण मालकच बोलवायला नसले की त्यांना पाठवायचं कुठे ते कळत नसे. असल्या सोडलेल्या मळ्यांत किडे वाढून शेजारच्या मळ्यांत शिरत. त्यांनी सुचवलं, कुठलं रान माजलं ते वरून दिसावं, चित्र परगावच्या मुलाला जावं, त्याने तिथून होकार आणि पैसे द्यावेत, टोळीने जाऊन छाटावं. दहा मिनिटांत ठराव झाला. आमचं पहिलं गिऱ्हाईक अशा गणितावर मिळालं, जे आम्ही केलंच नव्हतं.

लोहित वाचला, आता तो बंगळूरलाच राहणार! मी टेबलावर नावनोंदणीचे कागद मांडले आणि मनातल्या मनात चौदा टक्क्यांचे वीस केले. परगावी जाणारी मुलं काही कमी होणार नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझा अंदाज खरा ठरणार होता आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद होत नव्हता.

जेवणं उरकली. लोक नावं घालून गेले. शेवटी दुग्गप्पगौडा टेबलाशी आले. मला वाटलं, आता म्हातारा टोमणा मारणार.

“माझंही नाव घाल,” ते म्हणाले.

लोहित हसला. “अप्पा, तुमचा मळा शेवटचा आलाय. तुम्हाला कशाला हवं हे?”

“यंदा शेवटचा आलाय. जूनमध्ये शिडीवर दोनदा पाय लटपटला माझा. मजूर मिळत नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत मीही वरच्या नंबरात येईन.” त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. “मी शब्द दिलाय, तुला बोलवणार नाही. घे लिहून.”

लोहितने पेन घेतलं. नाव लिहिलं, एकर लिहिले. पुढचा रकाना होता, चित्रं कुणाला पाठवायची. तिथे तो थांबला.

“मुलाचा नंबर घाल,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी लोहितचा फोन नंबर तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा, सावकाश. लोहितने तो लिहून घेतला.