आईच्या दाराचा रिमोट

मी दारासाठी रिमोट बनवतेय म्हटल्यावर अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. २००७ साल होतं, टीव्ही रिमोटवर, पंखासुद्धा रिमोटवर आला होता, मग दारानंच काय घोडं मारलं होतं?

आणि मला ते दार हवंच होतं. माझी आई, भिमाबाई, बदलापूरला हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर एकटी राहते. तिचे गुडघे गेलेत. बेल वाजल्यावर ती उठून दारापाशी पोचेस्तोवर पोस्टमन निघून गेलेला असायचा. राजेंद्रदादा नाशिकला कंपनीत ऑफिसर. त्याचं एकच पालुपद, घराला कुलूप लावू, आईला मी घेऊन जातो. आईला जायचं नव्हतं. हे घर तिनं नोकरी करून स्वतःच्या नावावर घेतलं होतं. नाशिकचा विषय निघाला की तिला जेवण जायचं नाही.

मी बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला विजेचं लॉक बसवलं, लोडशेडिंगसाठी बॅटरी जोडली. आईनं खाटेवरून बटण दाबलं आणि खट्‌कन दार उघडलं. ती इतकी खूश झाली की शेजारच्या बायकांना बोलावून उघडून दाखवत बसली.

आठवडा झाला नाही तोच तिचा फोन. "माये, दार आपोआप उघडतंय गं. मी रिमोटला हातसुद्धा लावला नाही."

मी जाऊन बसले. समोरच्या घरात विष्णुपंतकाका क्रिकेट बघत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा लाकडी दार कुणी लावत नाही, नुसती जाळी ओढलेली असते. लाकडी दार लावलं तर शेजारी विचारायला येतात, कुणी आजारी आहे का म्हणून. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि आमचं दार खट्.

"सिक्सर बसला की उघडतं बघ," आई म्हणाली.

मी टीव्हीच्या रिमोटचीच चिप वापरली होती, आणि काकांचा टीव्ही नेमका त्याच कोडवर चालायचा. इन्फ्रारेड म्हणजे शेवटी उजेडच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. तो भिंतीवर आपटून दोन्ही जाळ्यांमधून आमच्या घरात येत होता. दुकानात दार बंद करून तपासताना हे कसं कळणार? माझं सर्किट बरोबर होतं, शेजारधर्म आडवा आला. मी कोड बदलला आणि विषय संपवला.

दादानं तो संपू दिला नाही. सुट्टीला आला तो उल्हासनगरहून एक वेगळाच रिमोट घेऊन. "हा दुसऱ्या रिमोटचं बटण शिकून घेतो," तो म्हणाला. "आता आईनं दार उघडलं ना, तेव्हा मी याला समोर धरला होता." बाहेर जाऊन त्यानं जाळी ओढून घेतली, रिमोट आत रोखला. दार उघडलं.

"माया, जाळीबाहेर उभा राहून हे कोणीपण करेल. पुढच्या रविवारी गाडी आणतो. आईची तयारी कर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण त्याचं खरं होतं. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

"रविवारी ये, हाच रिमोट घेऊन ये," मी म्हटलं. "याने दार उघडलं तर मी स्वतः तिला गाडीत बसवीन. नाही उघडलं तर न्यायचं नाव काढायचं नाही."

आई वळून माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली नाही. मला माझं काम येतं.

आयती चिप मी फेकून दिली. रिमोटमध्ये आणि लॉकमध्ये स्वतः प्रोग्रॅम केलेल्या चिपा बसवल्या. रोज एकच परवलीचा शब्द वापरला तर ऐकणारा तो पाठ करणारच. आता प्रत्येक वेळी नवा शब्द. पुढचा कोणता, ते रिमोटला आणि दारालाच ठाऊक. वापरून झालेला शब्द दार परत मानणार नाही. ज्याला चोरायचा त्यानं खुशाल चोरावा.

रविवारी दादानं आईला एकदा दार उघडायला लावलं आणि आपल्या रिमोटला ते शिकवलं. मग बाहेर जाऊन जाळी ओढली, बटण दाबलं. काही नाही. जाळीला हात टेकवून दाबलं, वाकून दाबलं. टीव्ही सोडून विष्णुपंतकाका बघायला आले.

"राजेंद्रराव, सेल बदलून बघा," ते म्हणाले.

सेल बदलले. दार ढिम्म हललं नाही.

"बोलले होते ना?" मला राहवलं नाही.

"बरोबर आहे तुझं," दादा म्हणाला. "आता उघड."

मी रिमोटसाठी हात पुढे केला. आईनं दिला नाही.

"राजू," ती खाटेवरूनच म्हणाली, "न्यायला आलायस की भेटायला?"

दादा जाळी धरून उभा होता. "आई, तुझ्या काळजीनं मला तिकडे झोप लागत नाही गं."

"ते मला कळतं. विचारलं त्याचं सांग."

त्यानं आपला रिमोट खिशात टाकला. मग म्हणाला, "भेटायला."

आईनं बटण दाबलं.