खोबरेल तेलाची अट

देवदत्तरावांच्या डोक्यावर गेली तीस वर्षं केस नाहीत, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं.

केस नाहीत, म्हणून तेल लागत नाही. तेल लागत नाही, म्हणून खोबरेल कधी थिजतं नि कधी वितळतं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. बाकी त्यांना सगळं ठाऊक असतं. विमान का उडतं, पोळी का फुगते आणि रिटायर झाल्यावर माणसानं पूर्व किनाऱ्याजवळच्या हर्नडनमधलं चांगलं गरम टाउनहाउस विकून कोलोराडोत, फेअरप्ले गावाच्याही पलीकडे, साडेनऊ हजार फुटांवर का राहायला जावं.

टाउनहाउस अजून विकलं नव्हतं, भाड्यानं दिलं होतं. ती नीलूची हुशारी.

नीलांबरी माझी मैत्रीण. मी पद्मजा. मी हर्नडनला तेवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून तक्त्यात भरल्या आणि त्याचा पगार घेतला. नोकरी सुटली, तक्ता सुटला नाही. कुणाकडेही जाताना पर्समध्ये एक वही असतेच.

ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा नीलू दोन स्वेटर, एक शाल आणि कानटोपी घालून हॉलमध्ये उभी होती. खिडकी बंद होती आणि पडदा हलत होता.

"बघ," ती म्हणाली, "यांचं घर. आत राहून हवा खायची सोय आहे."

"नीलू, फटी आहेत थोड्या," देवदत्तराव म्हणाले. "इन्सुलेशन केलं की झालं. जानेवारीत तू इथे अनवाणी फिरशील."

"अनवाणी नको. मला एवढंच हवंय." ती न्हाणीघरातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. आत पांढरंशुभ्र, कुल्फीसारखं घट्ट. बाटली उलटी केली तरी थेंब हलला नाही. "ही देवघराच्या फळीवर ठेवते. संक्रांतीच्या दिवशी सकाळी आठ वाजता उलटी करायची. तेल वाहिलं तर मी जन्मभर इथे राहीन. नाही वाहिलं तर हे घर विकायचं आणि हर्नडन. आणि हीटर अडुसष्टच्या वर न्यायचा नाही. तुमचाच नियम."

हा नियम खरंच त्यांचा होता. हर्नडनला तीस वर्षं हीटर अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर होता, आणि त्याला हात लावणाऱ्याला पाहुणा असला तरी बोलणी बसत.

"मंजूर!" देवदत्तराव ओरडले. "पद्माताई, तुम्ही पंच."

मी नीलूकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हर्नडनला नोव्हेंबर ते मार्च दर रविवारी ही बाई तेलाची बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरून उभी असे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. खोबरेल वितळायला शहात्तर अंश लागतात. अडुसष्टवर ते दगडच राहणार, मग घर रजईत गुंडाळलंत तरी.

पण पंचानं खेळाडूला शिकवायचं नसतं. मी वहीत अट उतरवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

देवदत्तराव त्याच दिवशी कामाला लागले. शेजारी, म्हणजे दीड मैलावर, वेंडल नावाचा म्हातारा राहतो. जन्मभर त्यानं या डोंगरातल्या घरांना इन्सुलेशन केलंय. तो एक धूर सोडणारी नळी घेऊन फटी शोधायला आला, आणि नळीतला धूर दहा मिनिटांत संपला. नीलूनं मुकाट्यानं देवघरातून उदबत्तीचा पुडा आणून दिला. मग तो सहा फुटी माणूस काउबॉय हॅट घालून, हातात मोगरा उदबत्ती धरून, विजेच्या एकेका प्लगला ओवाळत घरभर फिरला. धूर जिथे वाकडा जाईल तिथे फट. मी लिहीत गेले. एकूण त्रेचाळीस.

त्रेचाळीस फटी त्यांनी फोमनं बुजवल्या. तरी वेंडलचं समाधान होईना. स्वयंपाकघरातून पोटमाळ्यावर हवा जातेय, पण कुठून ते सापडत नाही म्हणाला.

"वर जाऊन बस म्हणावं त्याला," नीलू म्हणाली.

वेंडल शिडीनं वर गेला. नीलूनं दारं लावली, कढईत तेल तापवलं आणि दहा सुक्या मिरच्या टाकल्या. मी नि देवदत्तराव खोकत खोकत बाहेर पळालो. वर पाच सेकंद शांतता. मग असा ठसका ऐकू आला, की अंगणात चरणारी तीन एल्क हरणं मान वर करून कुंपणापलीकडे गेली.

"सापडली!" वेंडल वरून ओरडला. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, आनंद गगनात मावेना. धुराड्याच्या कडेला वीतभर भोक होतं, फळीखाली लपलेलं. "मॅम, या मशीनची किंमत काय?"

"सांगा त्याला," नीलू म्हणाली, "डाळीची फोडणी म्हणतात."

फट चव्वेचाळिसावी.

मग जुन्या वर्तमानपत्रांचा कापसासारखा भुगा भरायचं काम. ट्रकवरचं यंत्र जाड पाइपातून तो भुगा पोटमाळ्यावर फुंकतं. देवदत्तराव पाइप धरायला वर गेले ते भूत होऊन खाली आले, भुवयांवर सुद्धा राखाडी. "सतरा इंच!" ते ओरडत होते. "नीलू, सतरा इंच!"

"अंघोळ करा," नीलू म्हणाली.

डिसेंबरात मी पुन्हा गेले. पडदा हलत नव्हता. बाहेर उणे दहा, आत अडुसष्ट, आणि हीटर दिवसातून जेमतेम तीनदा सुरू व्हायचा. फळीवरचं तेल अर्थातच पांढरं. देवदत्तराव रोज बाटली वाकडी करून बघत आणि मग खिडकीला आणखी एक थर प्लॅस्टिक लावत.

मी मात्र वेगळी नोंद ठेवत होते. ऑक्टोबरात नीलू "यांचं घर" म्हणाली होती, अकरा वेळा. डिसेंबरात अकरा वेळा "आमच्याकडे". आमच्याकडे ऊन काय कडक असतं, बटाट्याचे पापड चार तासांत वाळतात. आमच्याकडे हवा कोरडी, गुडघा दुखायचा थांबला. आमच्याकडे गेल येते ना, वेंडलची बायको, तिला मी पोळ्या शिकवते, ती मला ट्रक शिकवते.

"मग अटीचं काय?" मी विचारलं.

"अट म्हणजे अट," ती ताठ मानेनं म्हणाली. "मी बोलले ते बोलले. आता माघार घेतली तर हा माणूस मला वीस वर्षं ऐकवेल."

"आणि तेल नाही वाहिलं तर?"

तिनं पापड उलटा केला. बराच वेळ उलटाच करत होती.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी डेन्व्हरहून सात जण आले. दोन कुटुंबं, आणि त्यांच्यासोबत नीलूची मुलगी ऋता. ती तिकडे नर्स आहे. बाहेर उणे अठरा. पंच म्हणून मी हीटरच्या बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर सही केली. ऋतानं अटीची गोष्ट ऐकली, फोन काढला, आणि बापाकडे पेशंटकडे बघावं तसं बघितलं.

"बाबा, कोकोनट ऑइल मेल्ट्स ॲट सेव्हेंटी-सिक्स."

"काय?"

"यू नेव्हर हॅड अ चान्स. आई, दॅट्स सो मीन!"

"मला काय माहीत," नीलू म्हणाली आणि गुळाच्या पोळ्या लाटायला गेली.

देवदत्तराव खुर्चीत बसले. सतरा इंच भुगा, चव्वेचाळीस फटी, तीन महिने. "घर विकायचं," ते हळूच म्हणाले. मी त्यांना तीस वर्षं ओळखते, एवढं हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"मायक्रोवेव्ह," ऋता कुजबुजली. "थर्टी सेकंड्स. हू विल नो?"

"नाही. टेस्ट म्हणजे टेस्ट." आणि मग ते एकदम उभे राहिले. "माणसं! स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. नाचणारा चारशे! घर घट्ट आहे, ऋता. उष्णता जाणार कुठे?"

सकाळी साडेसहाला मी उठले. तापमान अडुसष्ट, चिकटपट्टी शाबूत, फळीवर बाटली नाही. मी पेन उघडलं. मग आधी स्वयंपाकघरात जाऊन मायक्रोवेव्ह पाहिला. रिकामा. ऋता गाढ झोपलेली, देवदत्तराव हॉलमध्ये गालिचा गुंडाळत होते. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत नीलू काळी साडी नेसून, शाल गळ्यापर्यंत ओढून बसली होती. शालीखाली काखेपाशी काहीतरी उभट फुगीर होतं.

"काय गं?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणाले, आणि पेन बंद केलं.

सात वाजता फुगडी सुरू झाली. सगळे काळ्या कपड्यांत. वेंडल नि गेल आले, वेंडलची काळी हॅट संक्रांतीला फारच शोभली. तो दार उघडं ठेवून नमस्कार करायला लागला तसे दहा जण एकदम ओरडले, "दार लाव!" काय म्हणतात हे न कळता त्यानं लावलं. अर्धा अंश गेला होता. देवदत्तरावांनी त्याला भरपाई म्हणून दोघांशी फुगडी घालायला लावली.

साडेनऊ हजार फुटांवर फुगडी म्हणजे प्राणाशी गाठ. दोन गिरक्या की धाप, धाप की हसू, हसलं की आणखी धाप. सव्वासातला सत्तर. "चला, चला!" देवदत्तराव ओरडत होते, "बसलात तर शंभरच वॉट!" पावणेआठला बहात्तर. गेलचा बूट उडून पापडाच्या डब्यावर पडला. ऋता बापाचा हात धरून फिरत होती नि दर फेरीला त्याची नाडी बघत होती.

"आई, यू टू!"

"नाही बाई, माझा गुडघा," खुर्चीतून नीलू म्हणाली. डिसेंबरात बरा झालेला, तोच.

आठला पाच कमी. त्र्याहत्तर. पुढे तापमापकाचा काटा हलेना. एकेक जण भिंतीला टेकून खाली बसला. देवदत्तराव मधोमध उभे, टक्कल घामानं चमकतंय, डोळे काट्यावर.

"देवापाशी दिवा लावते," म्हणत नीलू उठली. पाठमोरी उभी राहून तिनं दिवा लावला. जरा जास्तच वेळ लावला. बाजूला झाली तेव्हा फळीवर बाटली होती.

"आठ," मी म्हणाले.

देवदत्तरावांनी डोळे मिटून बाटली उचलली आणि उलटी केली. तेल झरकन खाली आलं. काचेसारखं स्वच्छ.

काय आरडाओरडा झाला म्हणता! वेंडलनं हॅट उडवली, ती पंख्यात अडकली. देवदत्तरावांनी तीन मिनिटं भाषण केलं. गरम हवा वर जाते, फळी उंचावर आहे, त्यामुळे तिथं स्थानिक तापमान शहात्तर झालं असणार, हे त्यांच्या आधीच लक्षात यायला हवं होतं, वगैरे.

"असेल बाई," नीलू म्हणाली.

ऋता माझ्याशेजारी सरकली. तिनं आईच्या शालीकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. "मावशी, व्हॉट आर यू रायटिंग?"

मी लिहिलं होतं: सकाळी आठ, तेल वाहिलं. पुढचा तापमानाचा रकाना कोरा. तेवीस वर्षांत कोरा सोडलेला तो माझा पहिला रकाना.

नीलूनं नवऱ्याच्या हातातून बाटली घेतली, बूच काढलं आणि "सणाचा दिवस आहे, वाका जरा" म्हणत सगळं तेल त्यांच्या टकलावर ओतलं. ते कानांवरून, भुवयांवरून, मानेवरून ओघळलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच डोक्याला तेल. देवदत्तराव तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांची भुवई हळूहळू वर गेली.

"नीलू," ते म्हणाले, "हे तर चांगलं कोमट आहे!"

"मग?" नीलू त्यांचं टक्कल चोळत म्हणाली. "इन्सुलेशन काय साधंसुधं केलंय आपण?"