दुसरी खिडकी

डबीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. एका बाजूने आटे चढले होते, दुसऱ्या बाजूने उगाच टेकलेले... तिने हातमोज्यातल्या अंगठ्याने ते दाबलं, काढलं, पुन्हा फिरवून बसवलं, आणि आतला तो पिवळट, मधूनच लाल धागा फिरलेला बेडका जिन्यातल्या उजेडाकडे धरला, जणू नुसत्या डोळ्यांना काही दिसणारच होतं. छातीची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, तरी ही खोड काही जात नाही.

खाली प्रयोगशाळेला दोन खिडक्या होत्या. पहिली टीबीची, दुसरी बाकी सगळ्याची. एकदा टीबी निघाला की त्या पेशंटची डबी कायम पहिल्याच खिडकीत जायची, आणि त्या खिडकीमागे टीबीखेरीज कोणी काही शोधत नसे. शोधणार तरी कशाला? सापडायचं ते सापडलेलंच असायचं.

हातातली डबी ड्रायव्हरकाकांची. त्यांचंही सापडलं होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस, रक्तात साखर भरमसाट, आणि भरती झाल्या दिवशीच टीबी निघाला, तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं होतं. नाव मिळालं, औषध ठरलेलं, सुटलो. खोकला कमी झाला, भूक लागली, "गाडी गिअरमध्ये आली" असं काका स्वतःच सगळ्यांना सांगू लागले — आणि मग ताप पुन्हा चढला. एक्स-रेत उजवीकडची जुनी सावली विरत असताना डावीकडे एक नवीच उमटली. आज सकाळी बेडक्यात रक्त, आणि नाकावर ऑक्सिजनचा मास्क.

"औषधाने जंतू मरतायत, त्यावर शरीर चवताळलंय. दुसरं काही नाही," मोठे सर राउंडला म्हणाले होते. "दुपारपासून स्टिरॉइड सुरू करा." पेशंट एक, तर आजारही एकच शोधायचा, हे तिला सरांनीच शिकवलेलं. आणि सर बहुतेक वेळा बरोबर असतात, हीच तर पंचाईत. ते बरोबर असतील तर स्टिरॉइड अडवणं म्हणजे त्या माणसाला डोळ्यांदेखत गुदमरू देणं. पण त्या साखरेच्या छातीत टीबीच्या आडून बुरशी शिरली असेल, तर तेच स्टिरॉइड तिला खतपाणी... दोन्हीकडून मरण त्याचंच. माझं काय जाणार आहे? काही नाही.

"मी सांगेपर्यंत इंजेक्शन भरू नका," ती सिस्टरला म्हणाली होती.

"सर विचारतील."

"माझं नाव सांगा." म्हणताना आवाज खणखणीत निघाला, आणि दारापर्यंत पोचेतो त्यातली सगळी हवा गेली.

दारात काकांच्या बायकोने अडवलं. "डॉक्टर, टीबी म्हणालात, आम्ही धीर धरला. आता आणखी काही काढू नका हं." — जणू आजार डॉक्टरच्याच खिशातून निघतात. मास्कच्या आतून काका धापत म्हणाले, "अगं, बघू दे त्यांना... विनातिकीट कोणी चढलंय का ते." बायको हसली नाही. तीही हसली नाही. जिना उतरताना मात्र तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

"टीबीचा पेशंट ना मॅडम? मग शेजारच्या खिडकीत," दुसऱ्या खिडकीतला तंत्रज्ञ डबीला हात न लावताच म्हणाला.

"तिकडे बघून झालंय. यात बुरशी आहे का बघा. आत्ताच्या आत्ता."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग जेवणाच्या डब्याकडे, आणि नाक मुरडून हातमोजे चढवले.

ती बाकावर बसली. खिशातला फोन थरथरला — सर. थांबला. पुन्हा थरथरला. उचलून सांगायचं काय? की मला वाटतंय? वाटण्यावर कुणाचा श्वास टांगून ठेवतात का? वर आत्ता त्यांची धाप वाढली असेल, सिस्टर घड्याळाकडे बघत असेल... आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की आपण इथे, एका सज्जन माणसाच्या छातीत बुरशी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलोय. तिला स्वतःची शिसारी आली. तरीही इच्छा हटेना.

लहानपणी, आईची कानातली... कपाटावरून डबी पडली, झाकण उघडलं, दोन्ही कानातली घरंगळत गेली. सगळं घर गुडघ्यांवर — बाबा टॉर्च घेऊन पलंगाखाली, आत्या दाराच्या फटीत, मी टेबलाखाली. "सापडलं!" आत्या ओरडली, आणि आम्ही सगळे उठलो, गुडघे झटकले, चहा टाकला. आईसुद्धा. दोन होती हे कुणाला ठाऊक नव्हतं? बाहेर जायला निघताना आई आरशासमोर एक कान धरून उभी राहिली, तोवर केर काढून कचरा गेलेला होता.

"मॅडम, आहे. बुरशीच. या, बघा."

भिंगाखाली रुंद, वेड्यावाकड्या फांद्या पसरल्या होत्या. तिने तिथूनच वॉर्डला फोन लावला — स्टिरॉइड नाही, अजिबात नाही. बुरशीचं औषध मागवा, सरांशी मी बोलते. पलीकडून सिस्टरने सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला. आणि तिलाही वाटलं... हायसं. नाव मिळालं. सुटलो. बाकावर बसून चुरगळलेला कोट झटकत ती वळली, आणि झटकता झटकता हात थांबला. हे हायसं ओळखीचं होतं. भरतीच्या दिवशीचं, तेच.

ती पुन्हा खिडकीशी आली.

"डबीत अजून काही उरलंय का?"

"थोडंसं आहे. कशाला? सापडलं की आता!"

फोन पुन्हा थरथरू लागला. खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकून ती नुसती त्या डबीकडे बघत राहिली, आणि सापडल्याचा आनंद यापुढे आपल्याला कधी धड होणार नाही, हे तिला कळून चुकलं.