लखमाबाईला इचारा

मंजुषानं पाचवं रजिस्टर उघडलं आणि तिचं बोट पुन्हा त्याच नावावर थांबलं. लखमाबाई जळबा. मुलगी पेमा, वय चोवीस, चालता-बोलता येत नाही.

पुढच्या महिन्यात सेनगावात एक खिडकी मदत केंद्र सुरू व्हायचं होतं. निराधार, दिव्यांग, म्हाताऱ्या माणसांना दारोदार फिरावं लागू नये, सगळं काम एकाच टेबलावर व्हावं, म्हणून. ती जबाबदारी मंजुषाकडे होती. पाच कार्यालयांची रजिस्टरं जमवून ती एकच यादी करत होती, आणि त्या पाचांत लखमाबाई अकरा वेळा आली होती. तहसिलीनं तिला दवाखान्यात पाठवलं होतं, दवाखान्यानं हिंगोलीला, हिंगोलीनं पंचायत समितीत, तिथून पुन्हा तहसिलीत.

आठवी नोंद मंजुषाच्याच अक्षरात होती. ‘मुलीला समक्ष आणावे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराची चौकशी दवाखान्यात करावी.’ खाली तिची सही, तीन वर्षांपूर्वीची तारीख; तेव्हा ती तहसिलीत होती.

त्या दिवशी ती बाई समोर उभी राहिली असणार. काहीतरी बोलली असणार. मंजुषानं डोळे मिटून पाहिलं. चेहरा आठवेना.

मग ती बाई तिला जिथंतिथं दिसू लागली. बसस्टँडच्या बाकावर, दवाखान्याच्या पायरीवर, बाजारात कोथिंबिरीच्या ढिगामागं. मंजुषा प्रत्येक म्हातारीला निरखून पाहायची, आणि तिनं वर पाहिलं की नजर वळवायची. नोंदीतला फोन नंबर तिनं चारदा लावला. फोन बंद नव्हता. नुसता वाजत राहायचा.

शनिवारी ती जीपनं नोंदीतल्या गावाला गेली.

घर पत्र्याचं होतं. दार उघडलं ते साठीच्या एका बाईनं. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, “मी खतीजाबी. शेजारीण. कोण पायजे?”

“लखमाबाई.”

खतीजाबीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“लखमा जाऊन वरीस झालं, बाई. हपिसातून आली, उंबऱ्यापाशी बसली, पानी मागितलं. मी तांब्या आनेपर्यंत सरली.”

आत गोधडीवर एक तरुण मुलगी कुशीवर पडली होती. हातपाय आखडलेले, केस मात्र तेल लावून नीट विंचरलेले. छातीशी जुना फोन घट्ट धरलेला.

“माय कुटं बी गेली की कुनाच्या बी फोनवरून ह्याच्यावर लावायची,” खतीजाबी म्हणाली. “आता वाजला की हसती. कुनाला उचलू देत न्हाई. ह्या हप्त्यात चारदा वाजला. लई हसली.”

मंजुषानं हातातला फोन पर्समध्ये सारला. तिनं विचारलं, “हिला कोण पाहतं?”

“मीच. दुसरं कोन हाय?”

“मग तुम्ही ऑफिसात का नाही आलात?”

“कोन्त्या दारात जायचं, मला काय ठाव? ते लखमालाच ठाव होतं.” खतीजाबी खाली बसली. “तिला समदी हपिसं तोंडपाठ झाली होती. कोन्ता सायब कोन्त्या वारी बसतो, कोन्त्या कागदाला कोन्ता कागद जोडायचा. आजूबाजूच्या गावच्या बाया तिला इचारायला यायच्या. पंधरा-वीस बायांची कामं झाली बगा. माझं बी तिनंच केलं.”

“आणि तिचं स्वतःचं?”

“तिचं कसं व्हनार? पोरीला घेऊन या म्हनायचे. ह्या पोरीला जीपमधी कसं न्यायचं? एकदा नेली होती. दुपारपस्तोर बाकड्यावर ठिवली, मंग म्हनले शिबिर दुसऱ्या तारखेला हाय.”

मंजुषाला सांगायचं होतं. त्यातली एक सही माझी आहे, एवढंच. त्याऐवजी तिनं बाहेर येऊन केंद्राचे साहेब विश्वंभरराव यांना फोन लावला.

“सर, एका मुलीच्या तपासणीसाठी डॉक्टरांना घरी यावं लागेल.”

“मॅडम, अर्जदारानं समक्ष हजर राहायचं असतं. नियमावलीत तुम्हीच लिहिलंय ना ते?”

“मीच लिहिलंय,” मंजुषा म्हणाली. “आज काढून टाकते. डॉक्टर सोमवारी येतील का, तेवढं सांगा.”

ते म्हणाले, “विचारतो.”

“मी फोन धरून ठेवते. आत्ता विचारा.”

सोमवार ठरला. तिनं फोन ठेवला, तेव्हा अंगणात एक बाई येऊन उभी होती. तिशीची, कपाळ मोकळं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. मंजुषाला पाहून ती बिचकली.

“लखमामावशीचं घर हेच का? मी संगिता. पल्याडच्या वाडीवरून चालत आले. माझा मालक वारला. लोक म्हनले, लखमाबाईला इचारा, ती बराबर सांगती.”

खतीजाबी दारात आली. तिनं त्या बाईकडं पाहिलं, मग मंजुषाकडं.

“पुढच्या महिन्यात सेनगावला केंद्र सुरू होतंय, तिथं...” मंजुषानं बोलायला सुरुवात केली.

संगितानं मान डोलावली. पिशवीला गाठ मारली आणि निमूटपणे वळली.

“थांबा,” मंजुषा म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली, शेजारची जागा हातानं झाडली.

“इथं बसा. कागद बघू.”