समोरची पाण्याची नळी

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे, रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन गरगर फिरणारं. कारखान्यातून निघालं ते थेट चंद्रपूरच्या एका दवाखान्यात. वर्षानुवर्षं तापाचं, काविळीचं रक्त फिरवलं. तपासणी झाली की ते टाकून देत. म्हणून कुणाच्या तरी रक्तातला पिवळसर थर काढून त्याच माणसाच्या गुडघ्यात टोचलेला प्रथम पाहिला, तेव्हा मी हबकलंच. गेलेलं रक्त घरी परतताना कधी पाहिलं नव्हतं.

पण खरा धक्का रिनामुळे बसला. रिना कोरपन्याची कबड्डीपटू. गुडघ्यातला तुटलेला स्नायुबंध शस्त्रक्रियेने नवा बसवलेला. सुईला मात्र भारी भिते. ‘रक्तासाठी एकदाच टोचतील’ असा शब्द देऊन तिच्या आईने, दूध विकणाऱ्या सत्यशीलाबाईने, तिला याच इलाजासाठी आणलं होतं.

रक्त काढणाऱ्या नदीमभाऊने तिच्या रक्ताची नळी माझ्यात ठेवली. माझा तोल राहावा म्हणून समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली आणि हात धुवायला वळला.

“माह्या पोरीच्या रक्तात पानी? मी दुधात नाई घालत,” सत्यशीलाबाई पुटपुटली आणि पाण्याची नळी उचलून पदराखाली लपवली.

नदीमभाऊने न पाहताच झाकण लावलं, बटण दाबलं.

मी थरथरलं, धडधडलं, टेबलाच्या काठापर्यंत नाचत गेलं. माझा एक रबरी पाय केव्हाच झिजलेला. कुणी बदललाच नव्हता. नदीमभाऊने धावत येऊन वायर उपटली. आत नळी फुटलेली, सगळं लाल.

“मशीनच भंगार आहे,” रिना म्हणाली. “मी चालली घरी. आता टोचू नाई देत.” तिने कुबडी उचलली.

इतकी वर्षं राबून मी भंगार?

सत्यशीलाबाईने पदराखालची नळी पुढे केली. “मशीनचा गुन्हा नाई वं. मीच काढली. मले वाटलं, पानी मिसळवून राह्यले.”

“ते वजनाले असते, बाई,” नदीमभाऊ म्हणाला. “पन मीबी पाह्यलं नाई.”

आवाज ऐकून आलेले डॉक्टर हलकेच म्हणाले, “या इलाजाने भरून यायला मदत होऊ शकते, हमी नाही. व्यायाम तर करावाच लागेल. टोचायचं की नाही, रिनाने ठरवावं.”

रिना आईकडे पाहत राहिली. मग हसलीच. “लोकं पानी मिसळवतात, तू काढतं.” तिने कुबडी भिंतीला टेकवली, दुसरा हात पुढे केला. “टोचा भाऊ. पन आई बाहेर बसन.”

रिनाचा गुडघा किती भरला, मला ठाऊक नाही. बरी झालेली माणसं इकडे फिरकत नाहीत. मित्रांनो, कळलं नाही तर खुशाल विचारा. आणि बटण दाबण्याआधी एकदा झाकणाखाली पाहा. आत कुणीतरी भीत भीत दिलेलं रक्त असतं.