टेपवरचं पाखरू

नायब सुभेदार नाथाजींच्या मते त्यांच्या संसाराला गालबोट लागलं ते एकदाच, आणि तेही लीलाबाईंमुळे. पस्तीस वर्षं हा किस्सा ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत आले होते. किस्सा सुरू झाला की लीलाबाई चहा ठेवायला आत जात.

तर झालं होतं असं. नाथाजी पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्यांच्या बँडमास्तरांकडे एक तबकडी होती, रेस्पीगी नावाच्या इटालियन संगीतकाराची, शंभर माणसांच्या वाद्यवृंदाने वाजवलेली. शेवटी तर अख्खी फौज चालून येतेय असं वाटायचं. पण नाथाजी वेडे झाले ते त्याआधीच्या तुकड्यावर. तिथे सगळी वाद्यं हलकेच मागे सरतात आणि एकटी क्लॅरनेट बोलत राहते. एका सुट्टीला त्यांनी हातापाया पडून ती तबकडी मागून आणली आणि माण तालुक्यातल्या आपल्या गावी कॅसेट भरून घ्यायची ठरवली. खोलीत आवाज घुमतो म्हणून रेकॉर्ड प्लेयर अंगणात मांडला, त्याच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. शेरडं ओढ्याला पाठवली, पोरं मामाकडे धाडली, कुत्रं मागच्या दारी बांधलं. आळीत कुणी खोकायचं नाही असा हुकूम सोडला. एवढा बंदोबस्त करून काय, तर क्लॅरनेट संपत आली आणि पाखरू गायला लागलं.

छावणीत बँडमास्तरांच्या खिडकीशी झाडं होती, तिथे पाखरांची किलबिल कायमचीच. तिथे तबकडी ऐकताना एखादं पाखरू गायलं, तरी ते नाथाजींच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. पण अंगणात गुन्हेगार समोरच होता. लीलाबाईंनी कुंपणाच्या भिंतीवर पाखरांसाठी पाण्याची जर्मनची परात ठेवली होती. माणच्या उन्हात चिमण्या तडफडतात, हे त्यांना बघवत नसे. दुसऱ्या दिवशी नाथाजींची रजा संपली, तबकडी परत गेली आणि टेप तशीच राहिली. परातही टेप भरली त्याच दिवशी गेली ती गेलीच. पुढे साताऱ्यात घर झालं, गच्ची झाली, तरी लीलाबाईंनी पाखरांना पाणी म्हणून ठेवलं नाही. नाथाजी मात्र पाहुण्यांना टेप लावून पाखरापर्यंत आणत, खटकन बटण दाबत आणि म्हणत, "मी श्वास रोखून बसलोय आन् हिच्या पाखरानं वाटोळं केलं बघा."

यंदा बँडातल्या जुन्या जवानांचा मेळावा साताऱ्यात ठरला. तिथे ती क्लॅरनेट ऐकवायचीच, पण पाखराशिवाय, असा नाथाजींनी हट्ट धरला. नात अंकिता सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात नोकरीला होती. तिच्या ओळखीचे लालासाहेब तिथल्याच एका शेडमध्ये जुने रेडिओ, टेप दुरुस्त करत आणि कॅसेट साफसूफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देत. कॅसेट त्यांच्याकडे गेली. आठवड्याने निरोप आला की सुभेदारांनाच पाठवा.

नाथाजी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने गेले, अंकिता त्यांना शेडमध्ये घेऊन आली. लालासाहेबांनी आधी चहा पाजला, मग कॉम्प्युटरवर तेच संगीत लावलं, तीन वेगळ्या देशांतल्या तीन वाद्यवृंदांचं. पहिल्यात क्लॅरनेट संपता संपता पाखरू गायलं. दुसऱ्यातही गायलं, तिसऱ्यातही, अगदी त्याच जागी. नाथाजी खुर्चीत सावरून बसले. लालासाहेबांनी समजावून सांगितलं की संगीतकारानेच तसं लिहून ठेवलंय, या जागी खऱ्या पाखराची रेकॉर्ड लावायची म्हणून. पाखरू काढणं अवघड नाही, पण मग ते रेस्पीगीचं राहणार नाही.

"आन् सुभेदार, खरी गडबड फुडं हाय," असं म्हणून त्यांनी नाथाजींची टेप पाखराच्या पुढे जाऊ दिली. पस्तीस वर्षांत तिथवर नाथाजी कधी गेलेच नव्हते.

एक जाडाभरडा आवाज कडाडला, "लीले, हाकल तुझं पाखरू!" मग चपला फटफटल्या, परात दगडावर खणकन आपटली, लांब घरंगळत गेली. आणि पाखरू आपलं गातच राहिलं.

अंकिता हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागली. नाथाजींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेपचं वाटोळं पाखरानं नव्हे, श्वास रोखून बसलेल्या माणसानंच केलं होतं, हे आता त्यांना कळलं होतं.

"ह्यो वरडन्याचा आवाज काढू का?" लालासाहेबांनी विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ द्या."

परतताना त्यांनी सांगलीच्या बाजारात जर्मनची परात घेतली. गाडीला गर्दी होती, तरी साताऱ्यापर्यंत ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घरात पाऊल टाकताच त्यांनी ती लीलाबाईंच्या पुढे धरली. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातली दोनच तोंडातून निघाली.

"लीला, माझं चुकलं. पाखरू तबकडीतलंच व्हतं."

लीलाबाईंनी परात उलटीपालटी करून पाहिली. "मला म्हाईत हाय की. भितीवर पाखरू नव्हतंच तवा. तुमच्या रेकॉर्डच्या पेटीतनं गात व्हतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आवं, टेपच सांगत व्हती की. तुमी परत्येक खेपेला बटन दाबत व्हता."

नाथाजींनी परातीत पाणी भरलं आणि ती गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवली. पहिले दोन दिवस फक्त एक कावळा आला. तिसऱ्या दिवशी साळुंक्या आल्या, तेव्हा नाथाजींनी खाली येऊन लीलाबाईंना तशी वर्दी दिली.

मेळाव्यात नाथाजींनी टेप लावली आणि बटणाला हात लावला नाही. क्लॅरनेट झाली, पाखरू झालं आणि मग ती आरोळी सभागृहभर घुमली. जुने जवान दचकले. कोण हा गाढव, असं मागून कुणीतरी विचारलं.

नाथाजी उठून उभे राहिले. "पाखरू संगीतकाराचं हाय," ते म्हणाले. "गाढव मी."

सभागृह खो खो हसत सुटलं. पहिल्या रांगेत लीलाबाईंनी पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईला, नाथाजींनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "आन् परात माझी व्हती."