गरम भांड्याचं झाकण

नानासो सांगलीचा, मी माणातला. दोघंबी हळदीच्या गिरणीत वीस वर्सं घासलेलो. आता शिवांजली मॅडमच्या कारखान्यात. हितं दळायचं ते धातू. पोलादी भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, मॅग्नेशियमची भुकटी आन् पोलादाच्या गोळ्या. आतली हवा काढून आरगॉन ग्यास भरायचा, त्यात काय पेटत न्हाई, झाकण आवळायचं, भांडं गरगर फिरवायचं. गोळ्या भुकटी ठेचत्यात. कण चपटं हुत्यात, चिकाटत्यात, मोडत्यात, परत चिकाटत्यात. भट्टी न्हाई, वितळणं न्हाई, तरी लय तास गेलं की दोन धातूंचा एकच हुतोय.

मॅडमनी बजावलेलं, "भांडं थंड झाल्याबिगर उघडायचं नाही. ताज्या भुकटीला हवा लागली की पेटते."

त्या दुपारी मी डबा धुऊन आलो, तर मशीन थांबलेली आन् नानासो भांड्यावर वाकलेला. चारातलं दोन बोल्ट ढिलं.

"आवं नानासो, काय करताय?"

"लय तापलंय रं. जरा वाफ जाऊ दे, न्हाईतर माल करपंल."

हळदीला आमी तसंच करायचो. झाकण उचलायचं, नाक घालून करपल्याचा वास येतोय का बघायचं. आत्ताबी नाक झाकणापास्नं वीतभर हुतं.

भांडं फुस्स करायला लागलं. ग्यास भाईर चाललेला. तो सपला की हवा आत.

"बाजूला व्हा!"

"मला शिकवतूस व्हय? तुला गिरणीत आणला कुणी?"

म्या त्याला खांद्यानं ढकाललं. एवढ्या मोठ्या माणसाला ढकाललं! तेवढ्यात फटीतनं चिमूटभर भुकटी उडाली आन् पांढरा जाळ भक्कन झाला. नानासो तोंड धरून खाली बसला.

"पाणी! पाणी वत!"

"पाणी न्हाई! पाण्यानं आजून भडकंल!"

माणूस बघू का फट बंद करू? फट ऱ्हायली तर दोघंबी जातोय. पाना घेतला, एका हातानं झाकण दाबलं, दुसऱ्यानं बोल्ट आवळलं. तळवा भाजला, पर सोडलं न्हाई. फुस्स बारीक झालं. मग गप. वर दोन पाट्या कोरडी वाळू वतली.

मग नानासोम्होरं बसलो. भिवया गेल्याल्या. डोळं गच्च मिटल्यालं.

"उघडा."

"भ्या वाटतंय बिराप्पा."

"उघडा की आवं!"

एक डोळा किलकिला झाला. मग दुसरा.

"दिसतंय का?"

"तुझं थोबाड दिसतंय. लय वंगाळ हाय रं," म्हणला, आन् माझा भाजलेला हात धरून रडाय लागला.